कॅमेरा पडतो तो जोडापाशी

तुळशीचं लग्न लागलं की बीड जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांना उसंत राहत नाही. आज गेवराईला साखरपुडा, उद्या केजला हळद, परवा आष्टीकडच्या एखाद्या वस्तीवर लग्न. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत कॅमेरा असंख्य वेळा हातातून बाजूला होतो. लेन्स बदलताना होतो, बॅटरी घालताना होतो, मदतनिसाकडे देताना, घाम पुसताना, पंगतीत बसताना होतो. वरातीपुढे उलटं चालत असताना एखादा पाहुणा दंडाला धरून "आमचा पण एक काढा की" म्हणतो, तेव्हाही होतो. प्रत्यक्ष फोटो काढताना कॅमेरा क्वचितच पडतो, कारण तेव्हा दोन्ही हात आणि सगळं लक्ष त्याच्यावर असतं. तो पडतो दोन कामांच्या मधल्या क्षणी. पट्ट्याचंही तसंच आहे. गळ्यातला रुंद, जाड पट्टा मधोमध सहसा तुटत नाही. तो सुटतो बकलाशी, कडीशी, शिवणीशी, नाहीतर तळाच्या स्क्रूशी. कामातले जोड आणि पट्ट्यातले जोड, या दोन ठिकाणी पहारा ठेवला तर बहुतेक अपघात टळतात, असं माझं ठाम मत आहे. हे प्रकरण त्या जोडांविषयी आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण बीडमध्ये तो किरकोळ नाही. हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. ज्या घरातली आधीची पिढी दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागली, त्या घरातला एखादा मुलगा हप्त्यावर कॅमेरा घेतो आणि गावातच पोट भरायला लागतो, तेव्हा त्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर खूप काही टांगलेलं असतं. चांगली व्यावसायिक झूम लेन्स लाखाच्या पुढे जाते. अनेकदा ती एका दिवसाच्या भाड्याने आणलेली असते, म्हणजे पडली तर परक्याचं नुकसान. कंपनीची वॉरंटी यंत्रातल्या दोषासाठी असते, हातातून पडल्यावर तिचा उपयोग होत नाही. आणि भर लग्नात कॅमेरा बंद पडला तर अंतरपाट दुसऱ्यांदा धरता येत नाही.

अर्धा सेकंद

डोळ्याला लावलेला कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतो. तिथून सुटला की खाली पोहोचायला त्याला सुमारे 0.55 सेकंद लागतो. "पडला!" हे मेंदूला कळून हात हलायला लागेपर्यंत माणसाचा पाव सेकंद जातो. तेवढ्यात कॅमेरा वीतभराहून जास्त खाली आलेला असतो आणि दर क्षणाला त्याचा वेग वाढत असतो. जमिनीला टेकतो तेव्हा तो ताशी 19-20 किलोमीटरच्या वेगात असतो. पडताना झेलू, हा भरवसा म्हणूनच फोल आहे. कधीतरी झेलला जातोही, पण बऱ्याचदा झेलायला गेलेला हात त्याला आणखी लांब ढकलतो. सावरायचं ते सुटण्याआधी.

आता तो कशावर पडतो ते पाहू. बीड जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, जुनी देवळं, धारूरचा किल्ला, वाड्यांची जोती, सगळीकडे तोच काळा पाषाण. दीड मीटरवरून पडलेला कॅमेरा अशा दगडावर जेमतेम एक मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्या वजनाच्या सरासरी 1500 पट जोर त्या एका कोपऱ्यावर येतो. तोच कॅमेरा नांगरलेल्या काळ्या मातीत दोन सेंटिमीटर रुतला, तर जोर 75 पटींवर येतो. पडलेला कॅमेरा एकदा ठणठणीत राहतो आणि दुसऱ्यांदा त्याच उंचीवरून पडून खलास होतो, त्यात नशिबापेक्षा थांबायला मिळालेल्या अंतराचा भाग मोठा असतो. लेन्सच्या तोंडावर उलटा लावलेला प्लास्टिकचा हूड सरळ करून ठेवला, तर पडताना तो आधी चेपतो किंवा फुटतो आणि काचेला तेच मोलाचे काही मिलिमीटर मिळवून देतो. हूड उन्हासाठी असतो हे खरं, पण मी तर रात्रीच्या मांडवातही तो लावूनच ठेवायला सांगतो.

पट्ट्यालाही हेच गणित लागू आहे. कॅनन फाइव्ह-डी मार्क फोरवर 70-200 ची एफ 2.8 लेन्स चढवली की सगळं मिळून वजन 2.4 किलोच्या आसपास जातं. नुसतं टांगलेलं असताना पट्ट्यावर भार तेवढाच. पण कॅमेरा हातातून निसटून 30 सेंटिमीटर मोकळा पडला आणि मग पट्ट्याने तीन सेंटिमीटर ताणून त्याला थांबवला, तर त्या क्षणी पट्ट्यावर सरासरी अकरा पट, म्हणजे 26 किलोच्या आसपास ओढ येते. क्षणभराची कमाल त्याहून जास्त. महिनोन् महिने कॅमेरा मुकाट वाहणारी शिवण एका हिसक्यात का उसवते, ते यावरून कळेल. यावरचा उपाय फुकटचा आहे. पट्टा गरजेपुरताच लांब ठेवायचा. मोकळी सैल जागा जितकी कमी, तितकी हिसक्याची ताकद कमी.

बकलातली गाठ

कॅमेऱ्याला गळ्यात अडकवण्याची सोय तशी अलीकडची. राजा दीनदयाळ निजामाच्या राज्यात फिरून छायाचित्रं घेत, आणि बीड तेव्हा त्याच राज्यात होतं. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काचेच्या पट्ट्या घालायची लाकडी पेटी, तिवईवर उभी केलेली. गळ्यात घालायचा प्रश्नच नव्हता. वाऱ्याने किंवा धक्क्याने तिवई कलंडणं, हाच धोका. 1925 साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा खिशात मावायला लागला, तरी पहिल्या लायकांच्या अंगाला पट्टा लावायला कान नव्हते. पट्टा असे तो चामड्याच्या म्यानाला. 1933 च्या लायका थ्रीवर दोन्ही बाजूंना कान आले आणि भार थेट कॅमेऱ्याच्या अंगावर घेता येऊ लागला. आज आपल्या हातातल्या कॅमेऱ्याला जे दोन छोटे कान दिसतात ते त्याच घराण्यातले.

कानात कडी, कडीत पट्ट्याचं निमुळतं टोक, ते टोक पुन्हा बकलातून. हा सगळा भाग बोटभर लांबीचा, आणि सगळी जोखीम तिथेच. नायलॉनची पट्टी बकलाच्या आडव्या दांड्यांवरून वर-खाली वळत जाते आणि घर्षणाने जागच्या जागी धरली जाते. तिथे ना शिवण असते ना गाठ. बैलाचं दावं खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन नुसतं हातात धरलं तरी बैल आवरतो, ते ज्या नियमाने, त्याच नियमाने. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम सांगतो की वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक 0.3 धरला तर दांडीभोवतीच्या प्रत्येक अर्ध्या वेढ्याने पकड साधारण अडीच पट होते. तीन अर्धे वेढे झाले की सतरा पट. म्हणजे एक वळण कमी पडलं की पकड थेट अडीच पटीने उतरते. घाईत पट्टी बकलाच्या एकाच खाचेतून ओवून "बसला बेल्ट" म्हणणाऱ्याने नेमकं हेच गमावलेलं असतं.

बरोबर ओवण्याची रीत अशी. पट्टीचं टोक आधी बारीक प्लास्टिकच्या पट्टीधारकातून घ्यायचं, मग बाहेरून कडीत, मग परत त्याच धारकातून मागे, आणि शेवटी बकलात. बकलात शिरताना टोक आधीच्या पट्टीच्या आतल्या बाजूने जाईल असं पाहायचं. मग भार आला की बाहेरची पट्टी आतल्या टोकाला दाबून धरते, आणि जितकी ओढ जास्त तितका दाब जास्त. जपानमधले वृत्तछायाचित्रकार अशाच पद्धतीने ओवतात आणि तिकडे ती त्यांच्या नावानेच ओळखली जाते. टोक बाहेर लोंबत नाही, म्हणजे गर्दीत कशात अडकत नाही आणि डोळ्यावर येत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. ओवून झाल्यावर निदान दोन बोटं टोक बकलाबाहेर उरलं पाहिजे. त्यानंतर कॅमेरा गादीवर ठेवून, पट्टा दोन्ही हातांनी धरून, एकेका बाजूला अंगातला जोर लावून ओढायचं. नवी पट्टी गुळगुळीत असल्याने पहिल्या काही ओढींत थोडी सरकते. सरकली तर पुन्हा घट्ट करून पुन्हा ओढायचं. ही चाचणी नवा पट्टा लावल्या दिवशी आणि मग लग्नसराईत दर आठवड्याला एकदा करावी. दोन मिनिटांचं काम आहे.

पट्टा झिजतो, आणि आपल्या हवेत लवकर झिजतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या पिशवीत त्याहून कितीतरी जास्त. रेक्झिनला तडे जातात, चामडं कोरडं होऊन ताठरतं, प्लास्टिकची दाबून उघडायची बकलं ठिसूळ होतात. घामातलं मीठ शिवणीत मुरतं. हळद, गुलाल आणि धूळ त्या बकलाच्या आत जाऊन बसतात आणि मग ते "टक्" आवाज करूनही पूर्ण लागलेलं नसतं. आवाजावर विश्वास न ठेवता ओढून पाहावं. धातूच्या कडीने कॅमेऱ्याचा धातूचा कानही घासला जातो; म्हणून कडीखाली चामड्याचा किंवा प्लास्टिकचा छोटा तुकडा येतो, तो निरुपयोगी समजून फेकू नये. गोल कडी ही किल्ल्यांच्या कडीसारखी दुपदरी असेल तर तिची दोन टोकं फाकलेली नाहीत ना, हे नखाने चाचपून पाहावं. दोरीच्या फासाने अडकवायचे काही आधुनिक जोड मिळतात. त्यांपैकी काहींच्या दोरीला वरच्या काळ्या थराखाली वेगळ्या रंगाचे थर दिलेले असतात. काळ्याखालून दुसरा रंग डोकावू लागला की दोरी बदलायची. कल्पना उत्तम आहे, मात्र ती पाहणाऱ्यासाठीच आहे.

तळाचा स्क्रू

गेल्या पंधरा-वीस वर्षांत खांद्यावरून तिरका जाणारा स्लिंग पट्टा लोकप्रिय झाला. जड लेन्स दिवसभर वागवणाऱ्याच्या मानेला त्याने खरंच आराम मिळतो. दोन कॅमेरे वापरणारे पाठीवरच्या दुहेरी पट्ट्याला पसंती देतात. यातले बरेच पट्टे कॅमेऱ्याच्या कानांना अडकत नाहीत. ते तळाशी असलेल्या, ट्रायपॉडसाठी दिलेल्या भोकात स्क्रूने बसतात. कॅमेरा उलटा लोंबतो आणि संपूर्ण भार त्या एका स्क्रूवर येतो.

हा स्क्रू जगभर सारखाच आहे, पाव इंच जाडीचा, इंचाला वीस आट्यांचा. एक पूर्ण फेरा म्हणजे 1.27 मिलिमीटर. भोकात तो चार-पाच मिलिमीटरच शिरतो. याचा अर्थ चारएक फेरे उलटे फिरले की कॅमेरा मोकळा. चालताना मांडीवर आपटत, झुलत, गिरक्या घेत असलेला कॅमेरा हे फेरे हळूहळू पुरे करू शकतो. मोटरसायकलवर तर अधिकच. गेरहार्ड युंकर या अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं की स्क्रूला सोडवते ती मुख्यतः त्याच्या अक्षाला आडवी बसणारी थरथर. सरळ ओढीपुढे तो बराच टिकाव धरतो, पण आडव्या कंपनांत आपोआप फिरायला लागतो. टांगलेल्या कॅमेऱ्याचं झुलणं हे नेमकं तसंच आडवं असतं. म्हणून अशा पट्ट्याचा रबरी वायसर कधी काढू नये, स्क्रू हाताने पूर्ण आवळावा आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी तसंच जेवणानंतर बोटाने फिरवून पाहावा. स्क्रू पक्का करायचा निळा, मध्यम ताकदीचा द्रव बाजारात मिळतो. तो वापरण्याआधी पट्ट्याच्या कंपनीने त्याला परवानगी दिली आहे का ते पाहावं. लाल रंगाचा वापरू नये, तो मग सुटत नाही.

पण सर्वांत खात्रीचा इलाज आणखी साधा आहे. कॅमेऱ्याच्या एका कानापासून पट्ट्याच्या हुकापर्यंत वेगळी, आखूड, मजबूत दोरी बांधायची. स्क्रू निघालाच तर कॅमेरा वीतभर खाली येऊन लटकेल, एवढंच. ही दोरी नसलेला स्लिंग पट्टा मी अपुरा समजतो. हूकसुद्धा फिरकीने बंद होणारा असावा. नुसत्या स्प्रिंगचा हूक साडीच्या पदरात, मांडवाच्या दोरीत किंवा नवरीच्या जाळीदार ओढणीत अडकून उघडू शकतो.

लांब लेन्सचं गणित थोडं वेगळं. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 साली घोषित झालं. सुमारे 30 चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ, झुडपी प्रदेश मोरांसाठी राखलेला आहे. तिथे जाणाऱ्याच्या हातात 150-600 किंवा 200-500 ची लेन्स असते, वजन दोन किलोच्या आगेमागे. अशी लेन्स लावून कॅमेरा उचलला तर सगळी तरफ लेन्स आणि बॉडी यांच्यामधल्या गोल माऊंटवर येते. तेव्हा पट्टा लेन्सच्या स्वतःच्या कॉलरला लावावा आणि उचलतानाही लेन्सच धरावी, बॉडी मागे लोंबू द्यावी. कॉलरखालची प्लेट स्टँडच्या पकडीत सरकवून बसवताना दोन्ही टोकांना बारीक थोपवण्या असतात. पकड सैल राहिली तरी प्लेट घसरून बाहेर पडू नये, यासाठी त्या असतात. मध्ये येतात म्हणून अनेक जण त्या काढून टाकतात. काढू नयेत.

धरला दादा, सोडा

पट्ट्यातले जोड झाले; आता कामातले. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या व्यक्तीच्या बाबतीत घडली. डिसेंबर 2006 मध्ये सुनीता विल्यम्स अंतराळस्थानकाबाहेर काम करत असताना त्यांचा कॅमेरा सुटला आणि अंतराळात निघून गेला. त्याआधी चाळीस वर्षं, जुलै 1966 मध्ये, जेमिनी-10 मोहिमेत मायकेल कॉलिन्स यांचा हॅसलब्लाड कॅमेराही असाच हातचा गेला होता. जिथे प्रत्येक पान्याला दोरी असते, जिथे महिनोन् महिने सराव केलेला असतो, तिथेही जोड सुटतो. पुढे चंद्रावर उतरलेल्या अपोलो अंतराळवीरांनी कॅमेरा छातीवरच्या कंसात बसवून नेला; हात मोकळे आणि कॅमेरा अंगाशी पक्का.

अंतराळात दोरी बदलण्याचा एक नियम आहे: नवी दोरी अडकवल्याशिवाय जुनी सोडायची नाही. हा नियम मांडवात जसाच्या तसा लागू करता येतो. मदतनिसाच्या हातात कॅमेरा देताना आधी पट्टा त्याच्या गळ्यात घालायचा, मग कॅमेरा त्याच्या हातात द्यायचा. त्याने तोंडाने "धरला दादा, सोडा" म्हणायचं, आणि मगच आपण हात काढायचा. बँडच्या आवाजात ऐकू येणार नसेल तर मान हलवायची. नुसत्या नजरानजरेवर देवाणघेवाण करू नये. देणाऱ्याला वाटतं घेतला, घेणाऱ्याला वाटतं अजून दिला नाही, आणि कॅमेरा त्या दोघांच्या मधून जातो. लेन्स बदलण्याचं काम शक्यतो खाली बसून, मांडीवर पिशवी उघडी ठेवून करावं. उभ्याने करायचं तर कॅमेरा गळ्यातच ठेवून. माऊंटला बसवलेली लेन्स "टक्" झाल्यावरही उलट फिरवून पाहावी, लागली की नाही ते कळतं.

टेबलावर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा पट्टा खाली लोंबू देणं ही एक वाईट सवय. लग्नघरात पोरं धावत असतात, कुणाच्या पायात, खुर्चीच्या दांडीत पट्टा अडकला की यंत्र खाली. पट्टा नेहमी कॅमेऱ्याखाली गुंडाळून ठेवावा. चार्जिंगच्या वायरीही तशाच. आणि टेबलापेक्षा जमीन बरी, कारण जमिनीवरून काही पडत नाही. मात्र पायदळी येणार नाही अशी कोपऱ्यातली जागा हवी.

गर्दीचं वेगळंच. परळीला महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, कपिलधारची मन्मथस्वामींची यात्रा, दसऱ्याचे मेळावे, किंवा 17 सप्टेंबर 2025 ला बीड स्थानकावरून पहिली रेल्वे निघाली तो दिवस. अनेक वर्षं वाट पाहून गाडी आलेली, आणि सगळ्यांनाच ती टिपायची. अशा वेळी कॅमेरा किंवा फोन डोक्यावर उंच धरला जातो आणि आपल्याच हाताची पकड आपल्याला दिसत नाही. गर्दीत लांब पट्टा मागून खेचला जातो, म्हणून तिरका पट्टा आखूड करून कॅमेरा पोटाशी घ्यावा आणि उंच धरताना पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घ्यावेत. उंचावरून काम करणाऱ्यांची जबाबदारी तर कॅमेऱ्यापुरती राहत नाही. बीडच्या खंडोबाच्या दीपमाळांजवळच्या उंच भागावरून, सभेच्या मचाणावरून किंवा घराच्या गच्चीवरून काढलेला फोटो सुरेख येतो. पण दहा मीटरवरून सुटलेली कुठलीही वस्तू ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने खाली पोहोचते, आणि खाली माणसं उभी असतात. उंचीवर काम करणाऱ्या कामगारांच्या हत्यारांना बांधायच्या दोऱ्यांसाठी अमेरिकेत 2018 पासून स्वतंत्र मानक आहे. फोटोग्राफरसाठी असं काही नाही. तरी मचाणावर चढताना कॅमेरा अंगाला आणि सुटी लेन्स पिशवीला बांधलेली असावी, आणि पिशवीची चेन बंद असावी. लेन्स बदलायची तर खाली उतरून.

पाण्याच्या जागा पावसाळ्यात सगळ्यांना खुणावतात. सौताड्याला विंचरणा नदी रामेश्वराच्या दरीत उडी घेते, कपिलधारला डोंगरातून धार कोसळते. तिथला खडक शेवाळाने निसरडा असतो आणि तुषारांनी हातही ओले. अशा कड्यावर दोन हात कॅमेऱ्याला आणि शून्य हात आधाराला, ही स्थिती कॅमेऱ्यापेक्षा माणसासाठी धोक्याची. पट्टा अंगात असला की घसरताना हात आपोआप आधाराकडे जातो, कॅमेऱ्याकडे जात नाही. पट्ट्याचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो. कॅमेरा दरीकडे गेला तर जाऊ द्यावा, त्याच्यामागे झेप घेऊ नये. बीडजवळची निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधलेली खजाना विहीर पाहायला जाणारे लोक काठावरून वाकून खालचं पाणी टिपतात. कंकालेश्वराच्या देवळाभोवतीच्या कुंडाशीही तेच. वाकल्याबरोबर गळ्यातला पट्टा पुढे लोंबतो आणि वरच्या खिशातला फोन निसटतो. वाकण्याआधी खिसा रिकामा करावा. फोनला आता कव्हरमधून निघणारी मनगटी दोरी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. रील काढणाऱ्या मुलांनी ती लावायला हवी.

एका ठिकाणी मात्र पट्टा गळ्यात मुळीच नको, आणि हे मी सर्वांत कळकळीने लिहितो. मळणी यंत्र, रसवंतीचा चरक, कडबा कुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा, साखर कारखान्यातले पट्टे, यांच्यापाशी फोटो काढायचे असतील तर गळ्यातला आणि खांद्यावरचा पट्टा काढून पिशवीत टाकावा. आतापर्यंत पट्टा मजबूत हवा असं आपण म्हणत आलो. यंत्राच्या तोंडाशी तीच मजबुती जिवावर बेतते, कारण तो तुटत नाही आणि माणसाला आत ओढतो. मोटरसायकलवर मागे बसून जातानाही लोंबता पट्टा चाकात जाऊ शकतो, जसा पदर जातो. तिथे कॅमेरा पिशवीत, पिशवी छातीकडे. मोटरसायकलच्या हँडलला फोन लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: जोरदार इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिला होता.

स्टँडबद्दल थोडक्यात. तीन पायांपैकी एक पाय लेन्सच्या खाली, पुढच्या दिशेला. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला. मधला दांडा वर चढवू नये. वारा असेल तर पिशवी खालच्या हुकाला अशी टांगावी की ती जमिनीला टेकेल, नाहीतर तीच झुलून स्टँड पाडते. स्टँडवर कॅमेरा सोडून दूर जायचं असेल तर मदतनिसाला तिथे उभं करावं, आणि पट्टा हेडच्या दांड्याभोवती गुंडाळावा.

पडल्यानंतर

पडलाच, तर पहिली गोष्ट म्हणजे चालू करून पाहण्याची घाई करू नये. बॅटरी काढावी. पाण्यात पडला असेल तर कार्ड काढावं, सगळी झाकणं उघडावीत, बाहेरून कोरडं पुसावं आणि बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून लवकरात लवकर दुरुस्तीला न्यावा. तांदळात पुरू नये, पिठूळ कण आत जातात. कोरड्या जमिनीवर पडला असेल तर आधी माऊंट पाहावं. लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये कुठे केसभर फट दिसते का, लेन्स फिरवताना अडते का. पुढचा फिल्टर फुटला असेल तर लेन्सचं तोंड खाली करून काचेचे तुकडे आधी झटकावेत, मगच बोट लावावं. फिल्टरची कडी वाकून अडकली असेल तर रुंद रबर बँड लावून हलक्या हाताने फिरवावी. पकडीने ओढू नये. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक फोटो घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी स्पष्ट येतात का ते पाहावं. एक कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग हललं आहे. असा कॅमेरा त्या लग्नाला चालवून न्यावा लागला तरी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला जायलाच हवा.

यंत्रांचा विमा उतरवता येतो. पॉलिसी घेताना "अपघाताने पडणं" त्यात धरलं आहे का, आणि भाड्याने आणलेली वस्तू धरली आहे का, हे दोन प्रश्न एजंटला विचारून उत्तर लेखी घ्यावं. सगळ्या बॉडींचे आणि लेन्सचे क्रमांक, बिलं आणि फोटो फोनखेरीज दुसरीकडेही ठेवावेत. पडल्यावर दुरुस्तीआधीच्या अवस्थेचे फोटो काढावेत, कारण दावा करताना ते लागतात.

आणि ज्या पट्ट्याने एखादं जोराचं पडणं थोपवलं असेल, तो पट्टा त्या दिवसापुरताच चांगला होता. त्याच्या शिवणीतले काही धागे तुटलेले असतात, बकलाच्या प्लास्टिकमध्ये न दिसणारी चीर असू शकते, कडी किंचित फाकलेली असते. गिर्यारोहक मोठा हिसका बसलेला दोर पुन्हा वापरत नाहीत. आपणही वापरू नये. मात्र नुसता अडगळीत टाकला तर पुढच्या सराईत मदतनीस तो शोधून दुसऱ्या कॅमेऱ्याला लावणारच. म्हणून कात्रीने त्याचे मधोमध दोन तुकडे करावेत, कॅमेऱ्याच्या कानांतल्या जुन्या कड्याही काढून टाकाव्यात, आणि नवा पट्टा लावून, कॅमेरा गादीवर ठेवून, दोन्ही बाजूंना जोर लावून ओढून पाहावं.